आजीचं माहेरचं नाव

पोरिरुआ, १२ जून १९९६

तीर्थरूप आईस, इतक्या लांबूनही वाकून नमस्कार.

मी ठीक आहे. तू विणलेला स्वेटर रोज घालते. तुझे गुडघे कसे आहेत?

कॉलेजने मला इथल्या मूळ रहिवासी माओरी बायकांच्या मंडळात पाठवलंय. घरातल्या ओलीमुळे त्यांच्या मुलांना दमा कसा होतो, हे आमचं संशोधन त्यांना सांगायचं. मी कागद उघडताच मेरेआना आजी म्हणाल्या, "थांब गं, आधी तू कोणाची ते सांग. आईची आई कोण?"

"पार्वती."

"तिच्या आईनं ठेवलेलं नाव?"

"नाही, लग्नात सासरच्यांनी."

"मग आईनं काय ठेवलं होतं?"

"ठाऊक नाही."

"आमच्या पोरांचं सगळं हिला पाठ!" मेरेआना आजी म्हणाल्या, तशा सगळ्या हसल्या. "विचारून ये, मग ऐकू."

मीही हसले, पण झोप उडाली आहे. खोटं नाव सांगवणार नाही, आणि इकडे ऐन जूनमध्ये थंडी वाढतेय, पोरं खोकतायत. जुलैअखेर पुन्हा जायचंय. उलट टपाली आजीचं नाव कळव.

तुझं माहेरचं नाव मला ठाऊक आहे, इंदू. त्या नावानं तुला हाक मारणारं आता कोणी आहे का गं?

तुझीच,
सुलभा