गोदामातली खुर्ची

३ फेब्रुवारी १९६८, पोर्तुगीज गिनी, जंगलातली छावणी
आईला सैनिकांना मिळतो त्या पिवळ्या फुकट पत्रकागदावर लिहिलं : मी बिसाऊ शहरात, लष्करी गोदामात, खुर्चीवर. रोज मासळी. हे खोटं नाही, जरा आगाऊ आहे एवढंच. गोदामात बदलीचा अर्ज उद्या नक्की. थोरला भाऊ अंगोलाच्या लढाईतून शवपेटीत परत आला, तेव्हापासून टपालाची पिशवी दिसली तरी आईला धाप लागते. तिला खरं कळता कामा नये.

६ फेब्रुवारी
अर्ज राहिला. माकडाने साबण पळवला, त्याच्यामागे सकाळ गेली.

९ फेब्रुवारी
आज रस्त्यावर सगळ्यांच्या पुढे मी. टोकदार सळईने माती टोचत सुरुंग शोधायचे. मी जेमतेम टेकवत होतो. सळई जड आहे. मागून बेलमिरो, आमच्याच गावचा, म्हणाला, "झेफा, लेका, टोचतोयस की गुदगुल्या करतोयस?"

१४ फेब्रुवारी
पत्रात मासळीबरोबर कोळंबीही घातली. इथे डब्यातलं सार्डिन. तीही मासळीच. बेलमिरोला लिहिता येत नाही, कॉर्पोरल लिहून देतो. काय कळवतोस विचारलं, तर म्हणे, जे घडतं ते. साधा माणूस.

२० फेब्रुवारी, सकाळी ११
सळई खट्ट वाजली. मी मटकन खाली. दगड निघाला, पण मला उठता येईना. बेलमिरोने पट्ट्याला धरून उभं केलं. पँट ओली होती. दव असणार.
अर्ज उद्या.

२ मार्च
आईचं पत्र. तिला वाचता येत नाही, बेलमिरोच्या आईलाही नाही. साऱ्या गावाची पत्रं टपालवाल्या एर्मेलिंदाबाई रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या पायरीवर मोठ्याने वाचतात. लहानपणापासून बघतोय. डोक्यातच आलं नाही.
आईने लिहवून घेतलंय : "आधी बेलमिरोचं वाचलं, मग तुझं. पँटचं ऐकून बाया हसल्या. हसू दे. बाळा, मासळीचं लिहायचं थांबवू नकोस. ते मी बाईंना दोनदा वाचायला लावते. तेवढा वेळ तू खुर्चीवर असतोस."

३ मार्च, पहाटे ५
सळई घेऊन निघायचंय. भीती वाटते.
आईला लिहिलं : आज तळलेली मासळी. खुर्चीचा एक पाय जरा डुगडुगतो. बाकी ठीक.