डावीकडचा दिवा

९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय डावरे,

खूप खूप आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघाही बरा आहे, म्हणजे जिथे होता तिथेच आहे. खालचे काका अजून भल्या सकाळी घसा खाकरून सगळ्या इमारतीला उठवतात. तुझं खिडकीतलं झाड मी मारलेलं नाही, उलट त्याला नवी पानं आली आहेत, तेव्हा दर फोनला त्याची चौकशी करत जाऊ नकोस.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर देणार आहे. आधी हॉटेलची गंमत सांगते.

नदीकाठच्या हॉटेलने पलंगाशेजारचे दिवे पुन्हा आपल्याकडेच करायला दिले. जुन्या शेड उन्हाने विटल्या. ती किल्ल्यांची बाई आठवते ना, कमरेला जुडगा, तिच्याआधी तोच बोलतो? ती म्हणाली, "अगदी तसेच हवेत हं, जोडीजोडीने." मी म्हटलं, देते की, त्यात काय! तारेच्या फ्रेम आता कोपऱ्यावरचा वेल्डिंगवाला करतो. गोल सांगितलं की अंडाकृती देतो, पण वेळेवर देतो. पहिला गठ्ठा शिवला, कागदात गुंडाळून पाठवला आणि हात झटकले.

दुसऱ्याच दिवशी बाईचा फोन. "ताई, दिवे छान झालेत हो, पण एका पलंगाचे दोन दिवे एकमेकांवर रुसल्यासारखे का दिसतात?"

मी तणतणत गेले. हिला काय कळतंय, म्हणत. खोली उघडून बघते तर बाईचं खरं. पलंगाच्या उजवीकडचा दिवा नीट उशीकडे झुकलेला आणि डावीकडचा पाठ फिरवून खिडकीकडे. सगळ्या खोल्यांत तेच. शेडच्या कापडाच्या चुण्या सगळ्या एकाच अंगाला कललेल्या, कारण सगळ्या माझ्याच हातच्या.

आपण जोडी करायचो म्हणजे काय करायचो, तेच मी विसरले होते बघ. दोन स्टुलं समोरासमोर, मध्ये फ्रेम. तू चुण्या घालायचीस तेव्हा मी फ्रेम धरून फिरवायची, मी घालायला लागले की तू. तू डावरी, तुझ्या चुण्या एकीकडे कलायच्या, माझ्या दुसरीकडे. डावीकडचा दिवा तुझा, उजवीकडचा माझा. पलंगाशेजारी ठेवले की दोघे आत झुकून कुजबुजताहेत असं वाटायचं. आपण कधी ठरवून केलं नव्हतं ते. तारा वाकवता वाकवता माझा लेक म्हणायचा, "सासूसुनांचं पटत नाही म्हणतात, या दोघींचे दिवेसुद्धा गप्पा मारतात."

झालं, सगळे डावे दिवे परत आणले. बाईला सांगितलं, नवे देते. मनात होतं की तुला फोन करावा. म्हणावं, बाई गं, चार दिवस रजा काढून ये, माझी अब्रू जाते आहे. तू आली असतीस. धावत आली असतीस, ते मला ठाऊक आहे. म्हणूनच फोन हातात घेतला आणि खाली ठेवला.

बाकी उद्या लिहिते. डोळे चुरचुरताहेत.

सोमवार

सकाळी दोन डाव्या शेड पुऱ्या झाल्या. हो, माझ्या हातून! कशा, ते सांगते.

उलट्या चुण्या घालायच्या म्हणजे डाव्या हाताने घालायच्या. प्रयत्न केला तर टाचण्या कापडापेक्षा बोटातच जास्त गेल्या. चुणी कुठून सुरू करायची तेच कळेना. मग कपाटाच्या दारावरचा आरसा काढून आणला आणि तुझ्या स्टुलावर भिंतीला टेकवून ठेवला. म्हटलं, नेहमीचा दिवा करत करत आरशात बघू, उलटा कसा दिसतो ते.

डावरे, आरशात तुझे हात होते गं. डाव्या चिमटीत टाचणी, उजव्या तळव्यावर कापड, चुण्या तुझ्या अंगाला कलत चाललेल्या. कापड हातातून सुटून सगळं घरंगळलं तरी मी बघतच बसले. हात तुझे, वर तोंड मात्र माझं म्हातारीचं. तुझ्यासारखी जीभ दातात धरलेली नव्हती. उठून तोंड धुऊन आले.

मग आरशातल्यासारखंच डाव्या हाताने करत गेले. उसवलं, पुन्हा घातलं, पुन्हा उसवलं. स्वतःला शिव्या दिल्या, वेल्डिंगवाल्याला दिल्या, थोड्या तुलाही दिल्या. आज जमलं. किल्ल्यांच्या बाईला एक जोडी नेऊन दाखवली, तर म्हणते, "आता कसं बोलताहेत दोघे!"

खूश होऊन घरी यायला हवं होतं. पण जिना चढताना वाटलं, आता दिव्यांसाठी तू लागत नाहीस. तुला परत बोलवायला माझ्याकडे एक कारण होतं, तेही मी माझ्याच हाताने घालवलं.

तेव्हा आता आडवळणाने सांगण्यात अर्थ नाही. मला तुझी फार आठवण येते. कामासाठी नाही, अशीच. दुपारचा चहा एकटीसाठी करावासा वाटत नाही, म्हणून सोडून दिलाय. तू गेलीस ते मीच "जा" म्हणाले म्हणून. लेक गेल्यावर माझ्या गुडघ्याला शेक देत तू वर्षं काढावीस हे मला बघवत नव्हतं. एवढ्या मोठ्या ठिकाणी फुलदाण्या, ट्रे, आरसे यांची डिझाइनं काढतेस, चार लोकांना दाखवते मी फोटो. पण दाराशी पायरव झाला की अजून वाटतं, तूच आलीस.

तू लिहिलंस, चष्म्याच्या दुकानातल्या त्यांनी लग्नाचं विचारलंय, आणि "आई, तुम्ही लिहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही." फोनवर विचारलं असतंस तर मी पटकन हो म्हणून मोकळी झाले असते आणि मग रडले असते. पत्रात विचारलंस, त्यामुळे आधी रडून झालं. आता सांगते. हो म्हण. माझ्या लेकाच्या आठवणीला त्यानं कमीपणा येत नाही, आणि मलाही नाही. तू त्या घरी हसलीस तर ते मला इथे ऐकू येईल.

पत्राबरोबर एक खोकं पाठवते आहे. लेकाच्या हातच्या दोन फ्रेम अजून खिळ्यावर आहेत. त्याच पाठवणार होते, खाली काढून पुसल्याही. मग परत टांगल्या. त्या माझ्याजवळ राहू देत. खोक्यात आहेत त्या वेल्डिंगवाल्याच्या, तीनदा भांडून गोल करून घेतलेल्या.

उजवीकडचा दिवा मी पुरा केलाय. डावीकडचा मला आता येतो, तरी केला नाही. नुसती फ्रेम, कापलेलं कापड आणि टाचण्या ठेवल्या आहेत. तो तू कर. फ्रेम धरायला समोर कुणीतरी लागतं, तुझ्या चष्मेवाल्याला बसव. सुरुवातीला घाई करतील, मीही करायचे. त्यांना सांग, चुणी ओढताना तू जीभ दातात धरतेस. ती आत गेली की मगच फ्रेम फिरवायची.

समोरच्या स्टुलावरून,
तुझी आई