बॉयलरच्या नंबरांचं अ‍ॅप

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर बचत गटाच्या बैठकीत उभी राहिले आणि बोलले. आमच्या रिठद गावात हळद शिजवायचा बॉयलर एकच, गटातली घरं त्रेचाळीस, दर हंगामात नंबरावरून भांडणं. यंदा नंबर वेब अ‍ॅपवर. बॉयलर पंधरा फेब्रुवारीला पेटतो, त्याच दिवशी अ‍ॅप सुरू. टाळ्या पडल्या. आईच्या सगळ्यात शेवटी थांबल्या. घरातली पहिली पदवीधर मी. बीसीए म्हणजे सगळं येतं असं तिला वाटतं.

टाळ्यांच्या भरात समाजमंदिरातल्या फळ्यावरची नंबरांची यादी मी स्वतः पुसली. खडूचं युग संपलं, असंही म्हणाले. आधी मोबाइलवर फोटो काढला होता. मी बेजबाबदार नाही.

रात्रीचं जेवण गेलं नाही. जिलेबी बाधली असणार.

२७ जानेवारी
फ्रेमवर्क, म्हणजे अ‍ॅपचा तयार सांगाडा, निवडायचं. एकूण किती आहेत हे बघायला सुरुवात केली आणि बंद केली.

तहसीनला फोन. ती माझी कॉलेजची मैत्रीण, मंगरूळपीरला कॉम्प्युटर क्लास घेते. म्हणाली, "अगं, कोणतंही एक ले, और पहले एक फॉर्म बना. बस." तहसीन चांगली आहे, पण तिची दृष्टी लहान आहे. पाया चुकला तर गाव पाच वर्षं भोगेल.

जँगो. ठरलं.

३० जानेवारी
जँगो सुंदर आहे. फोटोवरून त्रेचाळीस नावं भरली. चौथ्या नंबरावर रूपला, म्हणजे आई. तिला दाखवलं. तिने स्क्रीनवरच्या नावावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मंग आता चिंधी नाई बांधा लागत?"

बॉयलरपाशी ताणलेल्या तारेला बाया जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधतात. बॉयलर आला तेव्हा मी वाशीमला होस्टेलवर होते, त्यामुळे ही प्रथा मला नवी. दृष्ट लागू नये म्हणून असावी. आईला समजावलं की पदवीधराच्या घराला अंधश्रद्धा शोभत नाही. तिने लगेच ऐकलं. अ‍ॅपमध्ये जनजागृतीचं एक पान टाकणार.

२ फेब्रुवारी
एका व्हिडिओत सांगितलं की नव्या माणसाने लारावेल घ्यावं. सहा दिवस वाया गेले नाहीत, तो अनुभव होता. नवी सुरुवात स्वच्छ असावी, म्हणून जँगोचा फोल्डर डिलीट. रिसायकल बिनही रिकामा केला. मोबाइलवर बारा तासांचा कोर्स उतरवायला जागा नव्हती. गॅलरी साफ केली.

फार हलकं वाटतं आहे.

३ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
नावं त्या फोल्डरमध्ये होती. फोटो त्या गॅलरीत होता.

६.४०
फळाही मीच पुसलेला.

७.१५
घाबरलेले नाही. रिसायकल बिन सातव्यांदा उघडला तो सवयीने.

५ फेब्रुवारी
आठवून एकोणीस नावं झाली. त्यातली दोन एकाच घरातली निघाली. क्रम आईचा तेवढा पक्का: चार.

विचारायला जायची सोय नाही, विचारलं की कळणार. व्हेरिफिकेशन म्हणून रुख्मिणीकाकूंकडे गेले. त्या गटाच्या अध्यक्ष, यादी त्यांच्याच हातची. मला पाहून म्हणाल्या, "काय वं, सुकून काहून गेली इतकी? जेवतं का नाई?" चहा दिला, वर भाकरी दिली. व्हेरिफिकेशन राहून गेलं.

येताना बॉयलर चालवणारे भाऊसिंगदादा त्याला ग्रीस लावत होते. "मॅडम, झालं का वो तुमचं?" नव्वद टक्के, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं हाय. माही तं शंभर टक्के तयारी हाय." उगाच टोचल्यासारखं वाटलं. शिवाय तारेवर चिंध्या वाढल्या आहेत.

८ फेब्रुवारी
लारावेल माझ्या स्वभावाचं नाही. रिअ‍ॅक्ट. शेवटचा निर्णय.

गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज वाजला की मी आधी दार लावते. दिवसभरात अकरा वाजले. नऊ गुड मॉर्निंगचे, एक हरवलेल्या शेळीचा, एक शेळी सापडल्याचा.

१२ फेब्रुवारी
आई-बाबांनी हळद काढायला घेतली. एकदा जमिनीतून काढली की ती फार दिवस थांबत नाही. नंबर जवळ आल्याशिवाय कोणी काढत नाही. आईला म्हणणार होते की थोडं थांब. ती म्हणाली, "चौथा नंबर हाय ना आपला, दुसऱ्याच दिशी लागन." शेजारच्या वावरात बाईला ओरडून सांगत होती, "आमचं कम्प्युटरात हाय वं!"

मीही टोपलं उचललं. दुपारपर्यंत कंबरेएवढा ढीग झाला. तो पाल्याने मीच झाकला.

१४ फेब्रुवारी
यश! ब्राउझरमध्ये "नमस्कार रिठद" आलं. खाली एक बटन. दाबलं की आकडा एकाने वाढतो. त्रेचाळीसपर्यंत नेऊन पाहिला. तांत्रिकदृष्ट्या निम्मं काम झालं.

उद्या सर्व्हर डाऊन आहे असं सांगायचं. आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा रडू आलं. झोप अपुरी.

१५ फेब्रुवारी
सातला पोचले तर बॉयलर वाफ सोडत होता. अ‍ॅपचं कोणी विचारलं नाही. पुन्हा लिहिते: कोणीच विचारलं नाही.

भाऊसिंगदादांनी तारेवरची पहिली, पिवळी चिंधी सोडली आणि ओरडले, "चाला, पिवळं झालं! आता हिरव्या काठाचं कोनाचं वो?" एक बाई टोपलं घेऊन पुढे आली. हिरव्या काठाचं तिचं होतं.

काकूंना विचारलं, हे काय? म्हणाल्या, "हेच तं नंबर हाय. दादाले वाचता येत नाई. ज्यानं आधी बांधलं त्याचं आधी. फळा तं साहेबलोकायले दाखवाले होता." मग मी तो पुसला तेव्हा टाळ्या कशाला? "कायले नाई वाजवा? आपली पोरगी शिकली. म्हटलं, चालू दे तिचं बी."

अर्धं मिनिट इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी हसले. मग चिंध्या मोजल्या. सोडलेली धरून बेचाळीस.

आई टोपलं घेऊन उभी होती. दादांना म्हणाली, "आमचं चौथं हाय. कम्प्युटरात." दादांनी तारेकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे.

१६ फेब्रुवारी
चिंधी बांधली. सगळ्यात शेवटी. दिवसाला तीन घरं होतात. आमचा नंबर मार्च उजाडल्यावर. ढिगाच्या तळची हळद हाताला गरम लागते आहे.

काकू स्वतःचा नंबर द्यायला आल्या होत्या. आईने घेतला नाही. "लाइन म्हंजे लाइन," म्हणाली. बाबांनी माळ्यावरून हळद शिजवायची जुनी लोखंडी कढई उतरवली. कढई पडवीत जरा जोरात ठेवली.

१९ फेब्रुवारी
कढईत एका वेळी जेमतेम दोन टोपली मावतात. आज अकरावा घाणा. जाळ मी घालते. तळची हळद सडली, ती बाबांनी बांधावर टाकली; मी तिकडे पाहत नाही. तहसीनचा फोन आला: फॉर्म बनला का?

संध्याकाळी हात धुताना आईने विचारलं, "त्या कम्प्युटरात आपलं नाव तं हाय ना अजून? चौथं?"

हो म्हणाले.

मग लॅपटॉप उघडला. फ्रेमवर्क कोणतंच नाही. साध्या नोटपॅडमध्ये "४. रूपला" एवढं टाइप केलं. कीबोर्डची बटनं हळदीच्या बोटांनी पिवळी झाली. सेव्ह केलं. बंद करून पुन्हा उघडून पाहिलं. मग पुन्हा सेव्ह केलं.