गिरणीवरचा लाल ठिपका

१० नोव्हें., सोम.
…वायर गिरणीच्या पट्ट्यापासून लांब ओढली, फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि धावत अंगणवाडीत परतले. गिरणीवाले दिगंबरभाऊ मागून ओरडले, "पिठात बुडला तं बुडला मॅडम, चार्ज तं होईन!"
मुले गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर. मदतनीस शांताबाई एकट्याच हातवारे करत होत्या.
बॅटरी ९:३० ला १००, ११ ला ४२. हजेरीचे सरकारी ॲप दिवसभर चालू हवे. डेटा चालू, लोकेशन चालू. बंद केले की 'संपर्क तुटला'. अंगणवाडीला मीटर नाही. विजेचा खांब दारात आहे.

११, मंगळ.
पुन्हा गिरणी. बॅटरी सेव्हर लावून पाहिला. तो पहिल्यांदा ॲपचाच गळा धरतो.
शां.: "लेकरायले एक वाटी खिचडी, अन् ह्या फोनले दिवसभर चारा."

१२, बुध.
पुन्हा. आज वजने घेतली. सव्वीस मुले. दुपारी फोन आणला तेव्हा स्पीकरच्या जाळीत पीठ. ८८ टक्के. स्वतःवर खूश.

१४, शुक्र.
नोटीस. पर्यवेक्षिका मॅडमनी स्वतः आणून दिली. दि. १०, ११, १२ रोजी कामाच्या वेळेत केंद्राबाहेर. सेवा समाप्त का करू नये. गुरुवारी ११ वा. रिसोड कार्यालयात समक्ष हजर राहावे.
सोबत नकाशाचे चित्र. अंगणवाडीभोवती वर्तुळ. वर्तुळाबाहेर, गिरणीवर, लाल ठिपका. तो म्हणे मी.
म्हटले, तो फोन आहे. मी वजने घेत होते. वहीत माझे अक्षर आहे.
"वही काय ताई, घरी बसून बी लिहिता येते. ॲप खोटं बोलत नाही."
मग आवाज खाली आणून: माफीपत्र छापूनच आणलं आहे, सही करा, ताकिदीवर भागन, नोकरी राहीन. "एमए मराठी ना तुमी? एवढं एक पत्र समजत नाही?"
समजले. 'मी तीन दिवस कामावर गैरहजर होते, याबद्दल मी दिलगीर आहे.' एका वाक्यात दोन खोट्या गोष्टी.

१५, शनि.
नोकरीची सतरा वर्षे. सही केली तर राहतील. नाही केली तर…
मुलीचा फोन, नागपूरहून. "आई, करून टाक ना सही. मी पॉवर बँक पाठवते."
चटया मी आणल्या. रंग, साबण, खडू मी आणते. वीज आणणार नाही. हे तिला बोलायचे होते, पण १२ टक्के उरले होते.

१६, रवि.
ॲप खोटं बोलत नाही. वाक्य डोक्यातून जात नाही. ठीक. मग त्यालाच बोलू दे.

१७, सोम.
फोन एरवी भिंतीतल्या कपाटात, मुलांचा हात पोचू नये म्हणून. तिथे टॉवर जेमतेम. एक काडी, कधी तीही नाही. फोन सारखा शोधत राहतो, तापतो, संपतो. आज रस्त्याकडच्या खिडकीत वर ठेवला. तीन काड्या. दीड वाजता, अंगणवाडी सुटताना, १९ शिल्लक.
म्हणजे गिरणीवर जायचीही गरज नव्हती. तीन दिवस उगाच धावले.

१८, मंगळ.
पडद्याचा उजेड तळाला. घरचा ग्रुप, बातम्या, बाजारभाव, गाणी, सगळ्यांचा मागून चालणारा डेटा बंद. एकटे ॲप जागे. दीड वाजता ३४.

१९, बुध.
३५. एकदाही हात न लावता.
शां.ना सांगितले. उद्या दार उघडून हजेरी, फोटो मी करीन. मग मी रिसोडला, फोन इथे खिडकीत. त्याला शिवायचे नाही.
"साप हाय का तो?"
सापच समजा.
"अन् साहेबानं फोन मांगला तं?"
पत्रात फोन आणा असे लिहिलेले नाही. तीनदा वाचले.
दीडपर्यंत टिकला पाहिजे. मध्येच मेला तर ठिपका जाईल, आणि मी खरेच गैरहजर.

२०, गुरु.
जीपमध्ये हात सारखा पर्सकडे जात होता.
साहेब संगणकासमोर. पर्य. मॅडम शेजारी. साहेब म्हणाले, माफीपत्र? मी ते सहीविना टेबलावर ठेवले. म्हटले, साहेब, माझे केंद्र उघडा. मी आत्ता कुठे आहे ते बघा.
उघडले. वर्तुळाच्या मधोमध हिरवा ठिपका. खाली 'हजर'.
मी टेबलासमोर उभी.
मग साहेबांनी त्यांच्या फोनवरून माझा नंबर लावला, स्पीकरवर. प्रत्येक रिंग बॅटरीतून जाणार.
"कोन बोलून राह्यलं? झटकन बोला, ब्याटरी जाते!" शां.च.
"सेविका आहेत का तिथे?"
"बाई तं रिसोडले गेल्या, साहेबाकडं. तुमी कोन?"
"साहेब."
जरा वेळ मुलांचा गलका. "मंग तुमच्या म्होरंच असतीन नं त्या!" फोन बंद.
कोपऱ्यातला कारकून फायलीत तोंड घालून हसला.
पर्य. मॅडम: "हे तर फसवणं झालं ताई."
म्हटले, त्या तीन दिवसांत ॲपने जे केले तेच आज केले. तेव्हा तुम्ही मानले. आजही माना. मी इथे आलेच नाही.
माझे उत्तर दिले. 'फोन गिरणीवर होता. मी अंगणवाडीत होते. खांब दारात आहे, मीटर द्यावा.' खाली सही.
साहेब: "फोन सोबत ठेवला नाही म्हणून दुसरी नोटीस निघू शकते. कल्पना आहे ना?"
"काढा साहेब. तिलाही उत्तर देईन."
पोच मागितली. शिक्का मिळाला. निर्णय कळवू म्हणाले. कधी ते नाही. माफीपत्र उचलून परत आणले. मागची बाजू कोरी आहे, मुलांना चित्राला होईल.
पोचले तेव्हा दीड. शां. खिडकीखाली पहाऱ्याला बसलेल्या. फोनवर ३२.
"तुमच्या साहेबानं दोन टक्के खाल्ले."

२१, शुक्र.
साडेनऊला दार उघडले. फोन १००, खिडकीत. कार्यालयातून निरोप नाही. तेवीस मुले आली. गाणे घेतले.