पाठ दाखवू नोको

बाबा, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर रागावून लिहायला बसले आहे. तुम्ही नागझिऱ्याच्या जंगलात चौकीदार. मोहफुलं वेचायला निघालं की मला बजावायचात, पुढं माझ्या पोरीलाही बजावलंत, “वाघ पुढं आला तं पळू नोको. पाठ दाखवू नोको. त्याच्या डोऱ्यात पाहून उभी राय.” आपल्या गावात हे बाळकडूच. जंगलात ते खरंही आहे. एकदा आपण दोघं वाघिणीसमोर तसेच उभे राहिलो आणि तीच कंटाळून निघून गेली. घरी येऊन तुम्ही भातावर वरण ओतत हसत होता.

यंदा सरकारनं आपल्या गावांना जंगल बंद केलं. जो बोलेल त्याला घरातून उचलायचं, फोन बंद, सभा बंद. शेवटी सगळी गावं सडक अर्जुनीला हायवेवर उतरली. पोलिसांनी आधी धूर सोडला, मग लाठ्या चालवल्या. गोंदियाची कॉलेजातली पोरं शहाणी, धानाच्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं पळाली. आपल्या गावच्या बाया उभ्याच राहिल्या, लाठीकडे तोंड करून. तुमची नातही. भूक नसली तर वाघ वळतो हो बाबा, ह्यांना मारायलाच पाठवलेलं होतं. तिचा उजवा हात मोडला आणि तशीच तिला गाडीत कोंबली.

सगळा पावसाळा ती तुरुंगात. तिथले साहेब मला म्हणाले, “माफीनामा लिखवा दो, और ले जाओ लडकी को.” पोरगी ऐकेना. हात वाकडाच जुळत होता, अंगात ताप होता. ती मेली असती बाबा. जाळीपलीकडून तुमचाच दाखला देत मला विचारते, “माफी काऊन मागू? आबाजीनं असं सांगतलं होतं का?”

मी म्हणाले, “हो. जायच्या आधी मले सांगतलं होतं. माणसापुढं वाकलं तं चालते म्हणे.”

मग तिनं डाव्या हातानं सही केली. आता घरी आहे. जेवते, झोपते, जंगलाचं नाव काढत नाही. तुम्ही असं काहीच म्हणाला नव्हतात, शेवटी तर तुमची वाचाच गेली होती. हा कागद तिच्या हाती लागायला नको, म्हणून चुलीतच घालीन. पण खरं सांगते, पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तुमच्याच नावानं खोटं बोलेन.