सरळ केलेली खिडकी

३ तारीख, सोमवार, सकाळी ६
आजपासून कुणावर रागवायचं नाही. डोळे मिटून देवासमोर बसलो. तेवढ्यात बाहेर कल्ला. दुकानासमोरच्या लांब भिंतीवर छावणीतली मुलं चित्रं काढणार म्हणे, ती लढाईतून पळून आलेली. त्यानं पोरांना उमेद येते, असं चित्रवाली बाई म्हणते. तीस वर्षं पाट्या रंगवतोय, उमेदीचा डबा कुठे मिळाला नाही. तरी सल्ला द्यायला गेलो. म्हणाली, काका, तुम्ही फक्त पाणी भरून द्या.
तिच्याशी बोलणं बंद.

५, बुधवार
बोललो. भागच पडलं. कार्टी ब्रश झाडूसारखा धरतात. एकीला म्हटलं, मनगट हलव. तिनं हिरवा हात माझ्या पँटला पुसला. बायको म्हणते, लेकरं आहेत. वर त्यांना शिडी दिली. माझी.

८, शनिवार
त्याच हिरव्या हाताच्या पोरीनं भिंतीच्या मधोमध घर काढलंय. छप्पर कललेलं. तीन खिडक्या, मधली तिरपी, जणू घर डोळा मारतंय. म्हटलं, घर असं नसतं. म्हणाली, तुम्ही आला होतात का आमच्याकडे?
वय आठ. जीभ चाळिशीची. निश्चय: क्षमा करणे.

९, रविवार, सकाळी ६
क्षमा केली. भिंतीपाशी कुणी नव्हतं. खडूचं सूत मारून सरळ रेघा आखल्या, घर नीट केलं. छप्पर समान, खिडक्या एका ओळीत, दाराला कुलूपसुद्धा. देवानं हातात कला दिली ती अशासाठीच. पोरगी आभार मानेल. आपण नम्र राहायचं.

त्याच दिवशी, सकाळी ११
मानले नाहीत. भिंतीला डोकं लावून रडली. तिची आई धावत आली. पोरीचा बाप वाटेत हरवलाय. शोधत या रस्त्यानं आलाच, तर घर ओळखून थांबेल, म्हणून पोरीनं ते काढलं होतं. तिरपी खिडकी त्यानंच बसवलेली, सगळी गल्ली हसायची म्हणे. आता हे कुणाचंही घर आहे, आई म्हणाली.
मी म्हटलं, खिडकी सरळ झालेली बघून त्याला बरंच वाटेल. बायकोनं मला दंडाला धरून आत नेलं.

१०, सोमवार
बायकोनं वाढलं नाही. स्वतः घेऊन जेवलो. लोकांचा गैरसमज झालाय. उद्या खिडकी तिरपी करून देतो. पाच मिनिटांचं काम.

११, मंगळवार, संध्याकाळ
दोन तास लागले. पहिल्यांदा उलट्या बाजूला कलली. दुसऱ्यांदा जास्त. तिसऱ्यांदा पोरगी म्हणाली, ही पडतेय. आमची पडत नव्हती. चौथ्यांदा तिनं माझ्या हातातून ब्रश घेतला आणि डबा माझ्याकडे दिला. छपराबद्दल सुचवायला तोंड उघडलं, तर म्हणाली, डबा हलवू नका.
एवढ्यात रस्त्यानं जाणारा एक माणूस थांबला, घराकडे बघत राहिला. पोरगी झटकन वळली. तो नव्हता. माझा तोल गेला. ओरडलो, काय बघतोस रे, चालता हो!
तो गेला. चित्रवाली बाई म्हणाली, काका, ते बघण्यासाठीच काढलंय.
नंतर माझ्याशी कुणी बोललं नाही. डबा खाली ठेवा, असंही नाही. धरून उभा होतो.