पिवळा दिवा

प्रिय ताई,

दोनदा तुझ्या दारापर्यंत आलो आणि चपला न काढताच परत फिरलो. तोंडाने सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय. कंपनीच्या कालच्या अहवालात भिंत पडल्याचा सगळा ठपका भाऊजींवर ठेवलाय. म्हणे त्यांनी यंत्रांना माप चुकीचं दिलं. भाऊजींनी! ओळंबा लावल्याशिवाय घरातलं कॅलेंडरसुद्धा टांगू न देणारा माणूस तो. गेलेला माणूस उलट बोलत नाही, तेवढंच यांच्या पथ्यावर पडलंय.

आमच्याकडे आठ यंत्रं मिळून भिंत रचतात, हे तुला त्यांनी सांगितलं असेलच. एकाची वीट सरकली की पिवळा दिवा लागतो आणि आठही थांबतात. मग मी शिडी चढायची, ओळंबा लावायचा, चुकलेली वीट काढायची आणि खाली येऊन 'तपासलं' हे बटण दाबायचं. न चढता दाबलं तरी काम सुरू होतं. बाकीची सात यंत्रं वरच्या थरांत थोडी थोडी सरकून ती चूक पोटात घालतात. भिंत वरून सरळ दिसते, पण आत जोर राहत नाही. म्हणून दिवा लागला की भाऊजी ओरडायचे, चढ रे आळशा, आणि स्वतः शिडी धरून उभे राहायचे.

त्या दिवशी दिवा तीनदा लागला. दोनदा चढलो. तिसऱ्यांदा गुडघा ठणकत होता, जेवायची वेळ झाली होती, भाऊजी पलीकडे होते. मी खालूनच बटण दाबलं. त्यांनी येऊन विचारलं, नीट पाहिलंस ना? मी हो म्हणालो. जेवण झाल्यावर माझ्या त्या एका शब्दावर ते भिंतीखालचं सामान आवरायला गेले. ताई, तेव्हा मी हात धूत होतो गं.

लहानपणी बरणी मी फोडायचो आणि मार तू खायचीस. माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही तूच ठोकायचीस. लहान आहे, सांभाळून घे, असं आई म्हणायची आणि तू घेत आलीस. परवा त्या दुःखातही मला विचारलंस, जेवलास का म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उद्या अकरा वाजता चौकशी आहे. मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन, पण आयत्या वेळी माझी जीभ टाळ्याला चिकटेल, मी मला ओळखतो. म्हणून कागदाच्या मागे पूर्ण नावानिशी सही केली आहे. मला वाचवायला तू हा कागद फाडशील, तेही ओळखतो. फाडू नकोस. या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस, ताई. आत जा आणि हे त्यांच्यासमोर ठेव.

तुझाच,
धांदरट